विश्लेषण : फवारणीचे विष मज्जातंतूंवर नेमका कुठे घाव घालते? ‘गोठवलेल्या’ चित्रांतून काय उलगडले?

ऑगस्ट ते ऑक्टोबर हा यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीचा मुख्य काळ. दारव्हा तालुक्यातील बोरी अरब असो की जिल्ह्यातील दुसरे कोणतेही कापूसपट्ट्यातील गाव, या दिवसांत पाठीवर पंप घेतलेले मजूर सकाळीच शेतात उतरतात. याच हंगामात २०१७ मध्ये जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी गेला होता. त्या बातम्या रोज येत असतानाच, ४ ऑक्टोबर २०१७ रोजी स्टॉकहोममध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. रेणू गोठवून त्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्र घेण्याच्या तंत्राला तो सन्मान मिळाला. फवारणीतील अनेक औषधे मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील ज्या सूक्ष्म ‘दारा’वर परिणाम करतात, त्याची रचना याच तंत्राने उघड झाली आहे. ही रचना काय सांगते आणि पंप उचलणाऱ्या माणसासाठी तिचा अर्थ काय, याचा हा आढावा.

२०१७ मध्ये नेमके काय घडले होते?

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव मोठा होता. पऱ्हाटी अनेक ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती. हवेत उकाडा आणि आर्द्रता होती. अशा दाट पिकात शिरून, वर तोंड करून फवारणी करताना औषधाचे तुषार चेहऱ्यावर आणि अंगावर पडत होते. जास्त दाबाने फवारणारे बॅटरीचे पंप, दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची पद्धत आणि हातमोजे-मुखपट्टीचा अभाव यांची त्यात भर पडली. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. चक्कर, उलट्या, अंधुक दिसणे, श्वास घ्यायला त्रास अशी लक्षणे होती.

राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले. नोव्हेंबर २०१७ मध्ये यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घालण्यात आली. मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन यांचे मिश्रण आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड यांचे मिश्रण अशी ती यादी होती. या पाचांपैकी डायफेन्थियुरॉन पेशींच्या ऊर्जानिर्मितीवर परिणाम करते. उरलेली चारही मज्जासंस्थेवर मारा करतात, पण वेगवेगळ्या ठिकाणी. हा ‘वेगवेगळ्या ठिकाणी’ शब्दप्रयोग पुढे उपचाराच्या वेळी फार महत्त्वाचा ठरतो.

पेशीच्या पडद्यातले हे ‘दार’ म्हणजे काय?

बोट हलवायचे असेल तर मज्जातंतूतून आलेला विद्युत संदेश स्नायूपर्यंत पोहोचावा लागतो. मात्र मज्जातंतू आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते. ही फट ओलांडण्यासाठी मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचे संदेशवाहक रसायन बाहेर पडते. समोर, स्नायूपेशीच्या पडद्यात ते ओळखणारे प्रथिन बसलेले असते. त्याला रिसेप्टर किंवा ग्राही म्हणतात.

हा रिसेप्टर निव्वळ संदेश ओळखून थांबत नाही. त्याच्या मधोमध एक मार्गिका आहे. ॲसिटिलकोलिनचे दोन रेणू आपापल्या जागी बसले की ती साधारण एक-दोन मिलिसेकंदांसाठी उघडते, सोडियमचे आयन आत घुसतात आणि स्नायू आकुंचन पावतो. त्यानंतर फटीतील ॲसिटिलकोलिन लगेच साफ करावे लागते. ते काम ॲसिटिलकोलिनइस्टरेज हे विकर करते. त्याचा एकच रेणू दर सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो. म्हणजे या व्यवस्थेचे तीन भाग झाले : किल्ली, कुलूप असलेले दार आणि वापरलेल्या किल्ल्या मोडून टाकणारा सफाई कामगार. फवारणीची बरीच औषधे यांपैकी कोणत्या तरी भागाशी छेडछाड करतात.

या दाराचे चित्र कसे मिळाले?

यासाठी शास्त्रज्ञांना मदत झाली ती टॉर्पेडो या समुद्री माशाची. विजेचा झटका देणाऱ्या या माशाच्या विद्युत अवयवात हेच रिसेप्टर दाटीवाटीने भरलेले असतात. केंब्रिजच्या ‘एमआरसी लॅबोरेटरी ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’तील नायजेल अनविन यांनी या माशाच्या पेशीपटलांपासून नळ्यांसारखे स्फटिक तयार केले. त्यात रिसेप्टर ओळीने, ठरावीक अंतरावर रचले जात. अशा नळ्या गोठवून त्यांनी वर्षानुवर्षे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चित्रे घेतली. १९८८ मध्ये चित्राची स्पष्टता १.७ नॅनोमीटर होती, १९९३ मध्ये ती ०.९ आणि २००३-२००५ दरम्यान ०.४ नॅनोमीटरपर्यंत आली. एका रचनेसाठी दीड दशकाहून अधिक काळ लागला.

चित्रात काय दिसले? पाच घटक गोलाकार उभे राहून मधोमध मार्गिका तयार करतात, जणू पाच फळ्यांचे पिंप. बंद अवस्थेतही ही मार्गिका पूर्ण बुजलेली नसते. सर्वांत अरुंद जागी ती सुमारे ०.६ नॅनोमीटर रुंद असते. पण सोडियमचा आयन पाण्याच्या रेणूंचे वेष्टन घेऊन फिरतो आणि त्या वेष्टनासह तो सुमारे ०.८ नॅनोमीटरचा होतो. त्या अरुंद जागेचे अस्तर पाण्याला दूर लोटणारे असल्याने आयनाला वेष्टन उतरवून आत शिरणेही परवडत नाही. थोडक्यात, हे दार कडी घालून नव्हे, तर अस्तराच्या गुणधर्मामुळे बंद राहते.

उघड्या दाराचे चित्र घेणे त्याहून अवघड होते, कारण ॲसिटिलकोलिन जास्त वेळ राहिले तर रिसेप्टर थकून प्रतिसाद देणे थांबवतो. १९९५ मध्ये अनविन यांनी यावर तोड काढली. नळ्यांचा नमुना अतिथंड द्रवात पडत असतानाच त्यावर ॲसिटिलकोलिनचे बारीक तुषार मारले. तुषार पडणे आणि नमुना गोठणे यांत साधारण ५ मिलिसेकंदच गेले. गंमत म्हणजे हीदेखील एक फवारणीच होती.

क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी इतकी महत्त्वाची का?

प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला काही नॅनोमीटरच्या वस्तूचे तपशील दिसत नाहीत. इलेक्ट्रॉनांनी ते दिसू शकतात, पण दोन अडचणी येतात. सूक्ष्मदर्शकात निर्वात पोकळी असते, तिथे ओला जैविक नमुना सुकून जातो. शिवाय इलेक्ट्रॉनांचा मारा नमुना जाळून टाकतो. झाक दुबोशे यांनी पहिल्या अडचणीवर उपाय शोधला. नमुना उणे १८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या द्रवरूप इथेनमध्ये इतक्या वेगाने बुडवायचा, की पाण्याला बर्फाचे स्फटिक बनवायला वेळच मिळू नये. पाणी काचेसारखे गोठते आणि प्रथिन आहे त्या स्थितीत अडकते.

दुसऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनांची मात्रा कमी ठेवणे. पण मग चित्र अतिशय अस्पष्ट, ‘नॉइज’ने भरलेले येते. योआखिम फ्रँक यांनी अशा हजारो अस्पष्ट चित्रांतील एकसारखे रेणू ओळखून, ते एकमेकांवर जुळवून सरासरी काढण्याची गणिती पद्धत विकसित केली. मोबाइलचा कॅमेरा रात्री एकापाठोपाठ अनेक फोटो घेऊन त्यातून एक स्वच्छ फोटो बनवतो, त्यामागचे तत्त्व यासारखेच आहे. तिसरे मानकरी रिचर्ड हेंडरसन. त्यांनी आणि अनविन यांनी १९७५ मध्येच पेशीपटलातील एका प्रथिनाची त्रिमितीय रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली होती. दशकभरात कॅमेरे आणि संगणक सुधारले, तसे स्फटिक न बनवताही अशा रचना मिळू लागल्या. २०२० मध्ये टॉर्पेडोच्या रिसेप्टरचे ०.२७ नॅनोमीटर स्पष्टतेचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यात रिसेप्टरला चिकटलेले सापाचे विषही दिसत होते.

कोणते औषध कुठे मारा करते?

कृषी सेवा केंद्राच्या फळीवरील बाटल्यांची ब्रँड नावे कितीही असली, तरी त्यांतील घटकांचे मोजकेच गट पडतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे ‘सफाई कामगारा’ला, म्हणजे ॲसिटिलकोलिनइस्टरेजला निकामी करतात. इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायामेथॉक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातील औषधे थेट ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर, किल्लीच्या जागी जाऊन बसतात. फिप्रोनिल ‘गाबा’ या दुसऱ्या रसायनाच्या रिसेप्टरची मार्गिका बुजवते. अळीसाठी वापरले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइड मार्गिकांवर काम करते. या दोन्ही मार्गिकाही पाच घटकांच्याच, टॉर्पेडोच्या रिसेप्टरच्या भाऊबंद आहेत. सायपरमेथ्रिन मात्र मज्जातंतूतील सोडियम मार्गिकेला लक्ष्य करते.

मिश्रणाचा धोका इथेच समजतो. ऑर्गनोफॉस्फेट शरीरातील इतरही काही विकरांना बंद पाडते, आणि सायपरमेथ्रिनसारख्या औषधाचे विघटन त्यांतीलच काही विकरांमुळे होते. त्यामुळे दोन औषधे एकत्र आली की किडीला दुसरे औषध पचवता येत नाही. म्हणूनच अशी मिश्रणे प्रभावी ठरतात. पण विष पचवणारी विकरे माणसातही आहेत. बाटलीवरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण त्या बाटलीतील औषधाची तीव्रता सांगतो. पंपात दोन-तीन बाटल्या एकत्र ओतल्यावर तयार होणाऱ्या द्रावणाला कोणताच त्रिकोण नसतो.

किडीला मारणारे औषध माणसाला कमी का बाधते?

निओनिकोटिनॉइडच्या बाबतीत याचे उत्तर रचनेतून मिळाले. २००१ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी गोगलगाईतील, ॲसिटिलकोलिनला बांधून घेणाऱ्या एका प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी शोधली. रिसेप्टरमध्ये किल्ली बसते त्या भागाशी हे प्रथिन खूप जुळते. २००८ मध्ये या प्रकारच्या प्रथिनात बसलेल्या इमिडाक्लोप्रिडची रचनाही मिळाली. कीटकांच्या रिसेप्टरमध्ये किल्लीच्या जागेजवळ धन विद्युतभार असलेले आर्जिनिन हे अमिनो आम्ल असते. ते औषधाच्या रेणूचे एक टोक ओढून धरते. माणसाच्या रिसेप्टरमध्ये त्या ठिकाणी अशी पकड नाही. त्यामुळे औषध माणसाच्या रिसेप्टरला तितके घट्ट चिकटत नाही.

पण जो फरक माणसाला काहीसे संरक्षण देतो, तोच किडीलाही सापडला. युरोपातील पीचवरील माव्यामध्ये ८१व्या स्थानावरील आर्जिनिन जाऊन थ्रिओनिन आल्याचे २०११ मध्ये दाखवण्यात आले. अशा माव्यावर निओनिकोटिनॉइड फारसे चालत नाही. पुढे कपाशीवरील माव्याच्या काही परदेशी नमुन्यांतही हाच बदल आढळला. एका अमिनो आम्लाच्या बदलाचा शेतातील परिणाम साधा असतो : औषध ‘लागू पडत नाही’, म्हणून शेतकरी मात्रा वाढवतो किंवा त्यात दुसरे औषध मिसळतो. अनेकदा ते दुसरे औषध ऑर्गनोफॉस्फेट असते. मात्र त्याचे लक्ष्य असलेले विकर किडीत आणि माणसात खूपच सारखे आहे. म्हणजे निवडक मारा करणाऱ्या औषधाचा फायदा पंपातच संपतो.

ॲट्रोपिन देऊनही रुग्णाचा धोका का टळत नाही?

ऑर्गनोफॉस्फेटची बाधा झाली की ॲसिटिलकोलिन साचत जाते. ते दोन प्रकारच्या रिसेप्टरवर परिणाम करते. मस्कॅरिनिक प्रकारच्या रिसेप्टरमुळे लाळ, घाम, अश्रू वाहतात, बाहुल्या आकुंचन पावतात, छातीत स्राव भरतो. ॲट्रोपिन हे रिसेप्टर अडवते आणि म्हणूनच जीव वाचवते. पण स्नायूंवरचा रिसेप्टर निकोटिनिक प्रकारचा आहे. अनविन यांनी ज्याचे चित्र घेतले, तो हाच. ॲट्रोपिन त्याच्यावर काम करत नाही. तिथे सतत किल्ली पडत राहिल्याने स्नायू आधी फडफडतात, मग रिसेप्टर थकतात आणि स्नायू लुळे पडतात. यात श्वासाचे स्नायूही येतात. अशा वेळी कृत्रिम श्वासोच्छ्वास हाच आधार उरतो. प्रॅलिडॉक्झिम हे दुसरे औषध विकराला पुन्हा कामाला लावू शकते, पण उशीर झाला तर विष विकराला कायमचे जखडते आणि त्या औषधाचा उपयोग राहत नाही.

आणखी एक गोष्ट १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी नोंदवली. सुरुवातीची लक्षणे आटोक्यात आल्यावर, एक ते चार दिवसांच्या दरम्यान काही रुग्णांची मान आणि श्वासाचे स्नायू अचानक दुबळे होतात. याला ‘इंटरमीडिएट सिंड्रोम’ म्हणतात. ‘आता बरे वाटते’ म्हणून दुसऱ्या दिवशी रुग्णाला घरी नेणे यासाठीच धोक्याचे असते.

निओनिकोटिनॉइडच्या बाधेत चित्र वेगळे असते. तिथे विकर शाबूत असल्याने प्रॅलिडॉक्झिम उपयोगाचे नाही. नेमका उतारा उपलब्ध नाही, लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. म्हणून कोणते विष गेले, हे कळणे निर्णायक ठरते. रक्तातील कोलिनइस्टरेजची पातळी मोजली तर ऑर्गनोफॉस्फेटची बाधा ओळखता येते. २०१७ मध्ये या तपासणीची सोय यवतमाळमध्ये नसल्याचा मुद्दा ऐरणीवर आला होता.

सापाच्या विषाचा याच्याशी काय संबंध?

नागाच्या विषातील एक घटक याच रिसेप्टरवर, किल्लीच्या जागेवर जाऊन बसतो आणि दार उघडूच देत नाही. तैवानमधील संशोधकांनी १९६३ मध्ये तेथील मण्यार जातीच्या सापाच्या विषातून असाच ‘अल्फा-बंगारोटॉक्सिन’ हा घटक वेगळा केला. तो रिसेप्टरला इतका घट्ट चिकटतो, की पुढे रिसेप्टर ओळखून वेगळा काढण्यासाठी त्याचाच हुकासारखा वापर झाला. म्हणजे या रिसेप्टरच्या अभ्यासाची सुरुवात सर्पविषातून झाली.

नाग चावल्यावर प्रतिविषासोबत निओस्टिग्मिन हे औषध दिले जाते. ते ॲसिटिलकोलिनइस्टरेजला काही काळ रोखते, म्हणजे तत्त्वतः ऑर्गनोफॉस्फेट करते तेच, पण मोजक्या मात्रेत आणि परत फिरता येईल अशा रीतीने. किल्ल्या वाढल्या की विषाने अडवलेल्या कुलपांपैकी काही तरी उघडण्याची शक्यता वाढते. फवारणी करणाऱ्या मजुराला जे विष ठरते, तीच कृती सर्पदंशाच्या रुग्णाला जगवते. फरक मात्रेचा आणि नेमकेपणाचा आहे.

महाराष्ट्रात असे संशोधन होते का?

होते. पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात (एनसीसीएस) जनेश कुमार यांच्या गटाने मेंदूतील ग्लुटामेट रिसेप्टरच्या कुटुंबातील ‘ग्लूडी१’ या मार्गिकेची रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने उलगडली. अनंत प्रसाद बुराडा, राजेश विन्नाकोटा आणि जनेश कुमार यांचा हा शोधनिबंध २०२० मध्ये ‘नेचर स्ट्रक्चरल अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. या कुटुंबातील रिसेप्टर चार घटकांचे असतात. इतरांमध्ये वरच्या थरातील जोड्या खालच्या थरात जोडीदार बदलतात. ‘ग्लूडी१’मध्ये तसे होत नाही, जोड्या वरपासून खालपर्यंत त्याच राहतात, असे या चित्रांतून दिसले. या मार्गिकेचा संबंध स्किझोफ्रेनिया आणि स्वमग्नतेशी जोडला जातो, म्हणून तिची रचना महत्त्वाची.

बेंगळुरूमध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचे राष्ट्रीय केंद्र २०१७ पासून आहे. म्हणजे मज्जासंस्थेतील मार्गिकांची अणुपातळीवरील चित्रे घेण्याची क्षमता देशात आणि राज्यात आहे. भारतीय किडींच्या रिसेप्टरमध्ये कोणते बदल होत आहेत आणि कोणते औषध त्यामुळे निरुपयोगी ठरते आहे, हा प्रश्न या क्षमतेपुढे ठेवता येईल.

रचना कळली, मग अडते कुठे?

किल्ली कुठे बसते, हे विज्ञान आज नॅनोमीटरच्याही अंशात सांगू शकते. पण रुग्णालयात आलेल्या मजुराच्या पंपात काय होते, हे अनेकदा सोबत आलेल्या कोणालाच सांगता येत नाही. औषध शेतमालक आणतो, द्रावण दुसराच कोणी कालवतो, फवारणारा तिसरा असतो. सगळ्यांच्या तोंडी त्याचे नाव फक्त ‘औषध’. या अंतरामुळे रचनेचे सगळे ज्ञान रुग्णालयाच्या दारात थांबते.

धोरणाच्या पातळीवर हालचाल झाली, पण संथ. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास २००५ पासून बंदी होती. २०१३ मध्ये बिहारमधील सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून याच विषाने २३ मुलांचा जीव घेतला. त्याच्या ३६ टक्के तीव्रतेच्या द्रावणावर केंद्राने बंदीचा आदेश काढला तो २०२३ मध्ये, तोही साठा संपवण्यासाठी वर्षभराची मुदत देऊन. कीटकनाशकांचे नियमन आजवर मुख्यतः १९६८ च्या कायद्यावर चालत आले आहे. त्या कायद्याची रचना प्रत्येक उत्पादनाची नोंदणी आणि विक्री यांभोवती आहे. शेतात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या मिश्रणांपर्यंत आणि रोजंदारीवर फवारणी करणाऱ्या मजुरापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

दरम्यान काही गोष्टी खर्चाविना करता येतात. फवारणीनंतर त्रास जाणवला तर कपडे लगेच उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे, कारण विष त्वचेतूनही जाते. लक्षणे वाढण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. पंपात जितकी औषधे होती, त्या सर्वांच्या बाटल्या किंवा वेष्टने रुग्णासोबत न्यावीत, निदान मोबाइलवर लेबलचे फोटो घ्यावेत. डॉक्टरांना ब्रँडच्या नावापेक्षा घटकाचे नाव आणि लेबलवर छापलेला उतारा लागतो. ऑर्गनोफॉस्फेटच्या बाधेनंतर बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस रुग्णालयात राहावे. तालुका पातळीवरील रुग्णालयांत हंगामापुरती तरी कोलिनइस्टरेज तपासणी आणि ॲट्रोपिनचा पुरेसा साठा असणे, कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण वेळेत हलवला जाणे आणि विक्रीच्या वेळी दुकानदाराने घटकाचा गट मराठीत लिहून देणे, या मागण्या अवाजवी नाहीत. कोणते विष कुठे घाव घालते याचे उत्तर मिळाले आहे. ते दवाखान्यातील डॉक्टरच्या हाती पहिल्या तासात पडावे, एवढीच व्यवस्था उभी करायची आहे.